थरच्या उन्हात आवाज टिपताना : प्रस्तावना

अक्षय्य तृतीयेला मारवाडात आखातीज म्हणतात. वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही, म्हणून जोधपूरपासून जैसलमेर-बाडमेरपर्यंत त्या दिवशी लग्नांचे बार उडतात, आणि लग्न म्हटले की यजमानाच्या दारात मांगणियार गायक आलेच. मांगणियार मुसलमान, त्यांचे बरेचसे यजमान राजपूत. यजमानाच्या घरी बारसे असो वा लग्न, गाण्याचा हक्क आणि जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे ठरलेली असते. ही गाणी मुंबई-पुण्याच्या महोत्सवांतही ऐकायला मिळतात. पण ज्या प्रसंगासाठी ती रचली गेली, त्या प्रसंगात आणि त्या अंगणात ती टिपायची असतील तर ऐन वैशाखात थरमध्ये जावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथे ध्वनिमुद्रणाचा सुखाचा काळ, हे कोणीही सांगेल. मात्र लग्न पौषात ठेवा, असे वधूपित्याला सांगता येत नाही. पाण्यावर माहितीपट करणाऱ्याची तीच गत. टांक्याचा, म्हणजे पाणी साठवण्याच्या टाक्याचा, तळ दिसू लागला की त्याचे काम सुरू होते.

म्हणजे उन्हाळा टाळता येत नाही. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. भारतातला तो उच्चांक आहे. रोजचे ऊन त्याहून कमी असले तरी मे-जूनमध्ये ४४-४५ अंश ही तिथे बातमी होत नाही. अशा हवेत माइक, रेकॉर्डर आणि माणूस तिघेही कसे टिकतील आणि त्यातून ऐकण्याजोगे काही कसे हाती लागेल, याची ही पुस्तिका आहे.

ध्वनिमुद्रणावरची पुस्तके बहुधा माइकपासून सुरू होतात. कोणता घ्यावा, केवढ्याला मिळतो, कोणाचा चांगला. होतकरू रेकॉर्डिस्टचे पहिले प्रश्नही तेच असतात. उष्ण, दुर्गम प्रदेशाच्या बाबतीत ही सुरुवातच मला चुकीची वाटते. तिथे सगळ्यात आधी घड्याळ ठरवावे लागते. कोणत्या तासाला काय टिपता येते हे एकदा पक्के झाले, की कोणता माइक, किती बॅटऱ्या, किती माणसे, गाडी कुठे उभी करायची, यांची अर्धीअधिक उत्तरे आपोआप मिळतात. घड्याळ न ठरवता गेलेल्या माणसाकडे लाखमोलाचा संच असला तरी दुपारी दोनच्या वाऱ्यात तो काही उपयोगाचा नसतो.

घड्याळाला एवढे महत्त्व का, ते थोडे फोड करून सांगतो. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो, चाळीस अंशाला सुमारे ३५५. गरम हवेत आवाज जोरात पळतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आता भर दुपारची वाळू घ्या. तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढे जातो. तिला चिकटून असलेली हवा भाजून निघते आणि वर जावे तसतशी हवा कमी तापलेली असते. आवाजाची लाट जमिनीलगतच्या गरम थरात पुढे पळते, वरच्या थरात मागे रेंगाळते, आणि परिणामी सगळी लाटच आकाशाकडे वळते. शंभर-दीडशे मीटरवर उभा असलेला उंटवाला हाका मारताना दिसतो, पण ऐकू मात्र येत नाही. मृगजळ दिसते तेही याच तापलेल्या थरांमुळे. तिथे प्रकाश वाकतो, इथे आवाज. शिवाय कोरड्या हवेत तारस्वरातला भाग अंतराबरोबर लवकर विरतो, त्यामुळे लांबून जे काही येते तेही बोथट होऊन येते.

रात्री सगळे उलटे होते. वाळू झपाट्याने निवते, जमिनीलगत थंड हवेचा थर साचतो आणि वर उबदार हवा राहते. लाट आता खाली वळते. दिवसा ज्याचा पत्ताही नव्हता तो चार-पाच किलोमीटरवरचा ट्रक, दुसऱ्या ढाणीतला, म्हणजे वस्तीवरचा, कुत्रा, कुठल्याशा बोअरचा पंप, सगळे हेडफोनमध्ये येऊन बसतात. नवख्या माणसाला वाळवंटातली रात्र निःशब्द वाटते, कारण त्याचा कान शहरातून आलेला असतो. माइकला मात्र ती तशी वाटत नाही. जैसलमेरच्या आसपास आता पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. त्यांचा खालच्या पट्टीतला घरघराट आणि उच्चदाबाच्या तारांची गुणगुण हा तिथल्या रात्रीचा भाग झाला आहे. माळढोकाचा नर विणीच्या काळात जो घुमारा काढतो, तोही असाच खर्जातला. सोलापूरच्या नान्नजला ज्यांनी त्याची वाट पाहिली आहे त्यांना तो ठाऊक असेल. डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरात तो टिपू पाहणाऱ्यासमोरची मोठी अडचण म्हणजे हा यांत्रिक खर्ज. पक्षी आणि यंत्र एकाच पट्टीत बोलत असल्यामुळे फिल्टर लावून सुटका होत नाही.

या सगळ्यातून जे वेळापत्रक निघते ते पहिल्या नजरेला विचित्र वाटेल. उघड्यावरचे काम पहाटे, सूर्योदयाच्या आधीपासून नंतरच्या दोन-अडीच तासांपर्यंत. तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो आणि मोर, तित्तिर, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, विहिरीवरची चाके, सगळे जागे होत असते. दहाच्या पुढे वारा उठतो. मग उघड्यावर हट्ट धरू नये. पण दुपार वाया गेली असेही समजू नये. मातीच्या जाड भिंतींचा, वर गवताचे छप्पर असलेला गोल झोपा ही मुलाखतीसाठी फार चांगली खोली आहे. माती आणि गवत आवाज पिऊन टाकतात, पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या खोलीसारखा तो घुमत नाही, आणि बाहेरचा लांबचा गोंगाट तर वर सांगितल्याप्रमाणे आकाशाकडे निघून गेलेला असतो. म्हाताऱ्या गायकाकडून वंशावळी, गाण्यांचे संदर्भ, कोणत्या यजमानाकडे काय गायचे याची माहिती घ्यायची ती या वेळात. घरातला कूलर तेवढा बंद करावा लागतो. बंद केल्यावर आतली माणसे उकडत असतात हे ध्यानात ठेवून दर वीस मिनिटांनी तो पुन्हा चालू करू द्यावा. फ्रिज बंद केला तर स्वतःच्या गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. किल्ली घ्यायला जाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल. चाळीस अंशांत कोणाचे तरी दूध त्यात असते.

संध्याकाळी पत्र्याच्या छपरांजवळ जाऊ नये. दिवसभर तापलेला पत्रा निवताना टकटक करत राहतो, तासभर तरी. रात्रीचे गाणे घ्यायचे असेल तर जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एखाद्या धोऱ्याच्या, म्हणजे वाळूच्या टेकडीच्या, पलीकडे, लांब केबल टाकून ठेवावा. त्याहून बरे म्हणजे तो आणूच नये आणि बॅटरीवर भागवावे.

यंत्रांकडे आता वळू. आपल्याकडे सिनेमावाल्यांनी हा प्रश्न कितीतरी वर्षे डबिंगने सोडवला, म्हणजे खरे तर टाळला. कॅमेरे खडखड करणारे, गर्दी आवरत नसे, मग लोकेशनवर पायलट ट्रॅक घ्यायचा आणि संवाद स्टुडिओत पुन्हा बोलायचे. आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'चे चित्रण २००० साली भुजजवळच्या कुनरियात झाले ते सिंक साउंडवर, म्हणजे त्या माळावर बोललेला संवादच पडद्यावर ठेवण्याच्या अटीवर. कच्छचे ऊन, वारा, एवढी नटमंडळी आणि सामन्याला जमलेली गावेच्या गावे अशा स्थितीत ते निभावले, आणि त्या चित्रपटाच्या ध्वनीसाठी एच. श्रीधर यांच्यासह नकुल कामटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'उन्हात, वाऱ्यात सिंक होत नाही' हे कारण तितकेसे चालेनासे झाले.

सिनेमाच्या कितीतरी आधी, वेगळ्याच हेतूने, हे काम मारवाडात सुरू झाले होते. कोमल कोठारी आणि कथाकार विजयदान देथा यांनी १९६० साली बोरुंदा या गावी रूपायन संस्थान उभे केले, आणि लंगा आणि मांगणियार या गायक जमातींचे संगीत टेपवर साठवायला सुरुवात झाली. टेप ही उन्हाला फार घाबरणारी वस्तू. रिळावर गुंडाळलेल्या थरांमधून चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर उमटतो, आणि तापमान जितके जास्त तितका तो लवकर आणि ठळक उमटतो. गाणे सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते ती यामुळे. त्या काळी टेपची खोकी ओल्या गोणपाटाच्या सावलीत सांभाळणाऱ्या माणसांनी जे कमावून ठेवले, त्यावर आजचे संशोधन चालते. लोकसंगीताचे आणि शास्त्रीय संगीताचे ध्वनिमुद्रण जपणारे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे अभिलेखागार १९८२ साली सुरू झाले ते पुण्यातच. पुढे ते दिल्लीच्या बाजूला गेले.

आजचा रेकॉर्डर टेपइतका नाजूक नाही, पण त्याचीही दुखणी आहेत. लिथियम-आयन बॅटरी साठ अंशांपर्यंत चालते असे बहुतेक उत्पादक सांगतात, चार्ज करण्याची मर्यादा मात्र पंचेचाळीस. म्हणजे दुपारी गाडीत चार्जर लावून ठेवणे निव्वळ निरुपयोगी, आणि धोक्याचेही. बंद गाडीच्या आत साठ अंश सहज होतात. चार्जिंग रात्रीच करायचे, आणि म्हणून दिवसभराच्या गरजेच्या दुप्पट बॅटऱ्या सोबत हव्यात. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या केबिनच्याच सामानात घ्याव्यात. शंभर वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला परवानगी काढावी लागत नाही. साउंड बॅगा सगळ्या काळ्या का बनवतात हे मला कधी कळलेले नाही. पांढऱ्या सुती कापडाची खोळ शिवून घ्यावी, शिंपी शंभर-दोनशे रुपयांत शिवून देतो, आणि मिक्सर उन्हात राहणार असेल तर वर छत्री धरावी. छत्री धरणारा माणूस ही चैन नव्हे, त्याचे नाव बजेटमध्ये आधीच लिहावे.

माइकबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. कंडेन्सर माइकला कोरड्या उष्णतेपेक्षा दमट हवा जास्त बाधते. मुंबईच्या पावसाळ्यात चरचरणारा माइक थरच्या मेमध्ये कुरकुर न करता चालतो. सिलिका जेलच्या पुड्या सवयीने न्यायच्या असतील तर न्या, त्यांचे खरे काम परतल्यावर आहे. थरमध्ये खरे शत्रू दोन, वारा आणि धूळ. नुसती फोमची टोपी वाऱ्यापुढे टिकत नाही. झेपेलिन, म्हणजे माइकभोवतीचा जाळीचा पिंजरा, आणि त्यावर केसाळ आवरण, दोन्ही हवेत, शिवाय आवरणाचा एक जादा जोड, कारण कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे धूळ त्या केसांना चिकटून बसते आणि दोन दिवसांत त्याचा चामड्यासारखा पापुद्रा होतो. ते रोज रात्री झटकून विंचरायचे. पाण्याने धुवायला तिथे पाणी नसते, आणि असले तरी ते गावाचे पिण्याचे असते. आंधी येताना क्षितिजावर पिवळी भिंत दिसते. ती दिसल्यावर 'हा शेवटचा टेक' असे म्हणू नये. माइक काढा, पिशवीत घाला, तोंड बांधा.

शांततेचे मुद्रण हा वेगळा विषय, आणि त्याला पुस्तिकेत जागा जास्त दिली आहे. वारा पडलेल्या पहाटे धोऱ्यांच्या मधोमध इतके शांत असते की माइकची स्वतःची सूं वर येते. संवादासाठी सगळीकडे दिसणारी सेनहायझर ४१६ हा गन माइक घेतला तर त्याची ती सूं १३ डेसिबलच्या घरात असते. संवादाला हे उत्तमच. पण वाळूवरून सरकणाऱ्या भुंग्याचा आवाज हवा असेल तर पाच डेसिबलच्या आसपासचा मोठ्या पडद्याचा स्टुडिओ माइक लागतो, आणि तो वाऱ्यात दोन मिनिटे टिकत नाही. म्हणून तो पहाटेच्या त्या तासापुरताच बाहेर काढायचा. घड्याळ आधी म्हणतो ते अशासाठी.

कॉलर माइकचे म्हणाल तर घामापुढे कुठलीही चिकटपट्टी टिकत नाही. स्पिरिटने त्वचा पुसून वैद्यकीय टेप लावली तरी तासाभरात निघते. मारवाडात मात्र एक सोय आहे जी शहरात नाही: साफा. साफ्याच्या घडीत कपाळाच्या वर टाचलेला माइक तोंडापासून जवळ राहतो, छातीवरच्या कापडाची खसखस टळते आणि घाम तिथवर पोचत नाही. अर्थात साफ्याला हात लावण्याआधी विचारायचे, आणि बहुतेक वेळा त्या माणसाने स्वतःच तो बांधताना माइक आत घ्यायचा. साफा ही मानाची वस्तू आहे.

गाणारे-वाजवणारे या हवेशी आपल्यापेक्षा चांगले जुळवून आहेत, तरी वाद्यांचे म्हणणे ऐकावे लागते. कमायचा या तंतुवाद्याच्या पोटावर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते, मुख्य तारा आतड्याच्या. ढोलकही कातड्याचाच. सावलीत लावलेले वाद्य उन्हात नेले, किंवा दुपारी लावलेले रात्रीच्या गारव्यात वाजवले, की सूर हलतो. सतारा किंवा अलगोजा साथीला असेल तर पेच वाढतो. आतली हवा तापली की बासरीवर्गातल्या वाद्याचा सूर चढतो, तारेच्या वाद्याला त्याच्यामागे जावे लागते. म्हणून जिथे वाजवायचे तिथेच वाद्ये अर्धा तास आधी आणून ठेवावीत आणि सूर लावण्यात गेलेला वेळ आपला समजू नये. हमीरा गावचे साकर खाँ यांना कमायचाच्या वादनासाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या तोडीच्या कलावंताला 'खाँसाहेब, सूर जरा पटकन लावा' असे सांगणारा रेकॉर्डिस्ट घरी बसलेलाच बरा.

माणसांबद्दल थोडक्यात, कारण पहिले प्रकरण पूर्ण त्यावरच आहे. तुकडीत सगळ्यात जास्त होरपळतो तो बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरणारा. हात वर, सावली नाही, पाणी प्यायला हात मोकळा नाही, आणि हलायचेही नाही. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागू शकते, आणि नुसते पाणी पुरत नाही, मीठ-साखर हवी. गावकरी देतील ते ताक नाकारू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, पाय लटपटले, तर तो उष्माघात समजावा आणि शूटिंग तिथल्या तिथे थांबवून त्याला सावलीत ओल्या कापडात गुंडाळून दवाखान्याकडे निघावे. जैसलमेरहून जोधपूर सुमारे २८० किलोमीटर आहे, हे नकाशात पाहून ठेवा. रेकॉर्डिस्टच्या स्वतःच्या कानाचेही तेच. बंद हेडफोनमध्ये घामेजलेला, थकलेला कान खरखर ऐकूनही ऐकत नाही. अर्ध्या तासाने हेडफोन उतरवून पाच मिनिटे बसावे.

सीमेजवळच्या भागात आणखी एक तयारी लागते, ती कागदांची. लांब काठीला लावलेले केसाळ नळकांडे, वायरलेस ट्रान्समीटर आणि कानात यंत्र घालून बसलेला अनोळखी माणूस यांकडे सीमा सुरक्षा दल कुतूहलाने पाहत नाही. जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी आणि यंत्रांची यादी जवळ असावी. संपर्कासाठी सॅटेलाइट फोन न्यावा असे परदेशी पुस्तकांत हमखास लिहिलेले असते. भारतात परवानगीविना तो बाळगणे गुन्हा आहे. पोखरण आणि चांदनच्या बाजूला सराव चालू असला तर लढाऊ विमानांचा आणि तोफगोळ्यांचा आवाज दिवसभर पुरतो, तेव्हा चौकशी आधी करावी.

आणि आवाज कोणाचा, याचा निकाल निघण्यापूर्वी लावावा. मांगणियारांची गाणी ज्यांनी ज्यांनी टिपली त्या सर्वांनी गायकांची नावे छापली असे झालेले नाही, आणि गावात त्याची आठवण आहे. मानधन किती, नाव कसे लिहायचे, ध्वनिमुद्रण कुठे वापरायचे आणि कुठे नाही, हे ज्या भाषेत गायक बोलतो त्या भाषेत ठरवावे. प्रत गावातच द्यावी. नंतर पाठवतो म्हटलेली प्रत सहसा पोचत नाही.

पुस्तिका लिहिताना समोर होता तो ध्वनीचे शिक्षण घेऊन नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी, आणि ज्याने कुठलेही शिक्षण न घेता एक छोटा रेकॉर्डर विकत घेतला आहे असा हौशी माणूस. दोघांपैकी दुसऱ्याकडे माझा ओढा जास्त आहे, हे वाचताना कळेलच. बाजारातल्या नव्या यंत्रांची तुलना मुद्दाम टाळली आहे, ती वर्षभरात शिळी होते. शेवटच्या कोष्टकांतल्या वेळा जैसलमेरच्या मे महिन्याला धरून आहेत. तिथे महिन्याच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. हीच पुस्तिका घेऊन कोणी चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात काम करणार असेल, आणि तशी कामे तिकडे भरपूर पडून आहेत, तर चंद्रपूरला सूर्य वीसएक मिनिटे आधी उगवतो हे लक्षात घेऊन पहाटेची प्रत्येक वेळ तेवढी मागे ओढून घ्यावी.